तुवाचे शिकारी जंगलात अस्वलाला अस्वल का म्हणत नाहीत?

नाव घेतलं की अस्वलाला ऐकू जातं, ही समजूत. दक्षिण सायबेरियातल्या तुवामध्ये अस्वलाचा नेहमीचा शब्द 'अदिग'. शिकारी तो टाळून 'इरेय' म्हणजे म्हातारबा म्हणतात, किंवा आदराने 'खायराकान'. मला सगळ्यांत आवडतं ते 'चेर कुलाक्तिग', म्हणजे जमिनीचे कान असलेला. जमिनीतूनही त्याला बोलणं कळतं म्हणे! लांडगाही 'ब्योरू'चा 'कोकाय' होतो. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, तसंच हे.

बाकी जनावरांत नर-मादीला सरळ वेगळे शब्द आहेत. मराल हरणाचा नर 'सीन', मादी 'मिगाक'. रो हरणाचा नर 'ख्युल्ब्युस'. ईशान्येकडच्या तोजा भागात रेनडिअर पाळणारे लोक शिकारही करतात, त्यांची बोली आणखी निराळी.