नवी देऊन जुनी घेताना

ठाणे,
आषाढ, झडीचा तिसरा दिवस

प्रिय मुली,

आत्ताची पोर्शे ७१८ बॉक्स्टर देऊन त्याच दोनसीटर, कापडी छपराच्या गाडीची जुनी पिढी, ९८७, घेऊ का, हा तुझा निरोप दोनदा वाचला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण गॅरेजमध्ये बोलायला लागलं की कुणीतरी गाडी घेऊन येतं आणि बोलणं अर्धवट राहतं. म्हणून आज शटर ओढून घेतलं आणि लिहायला बसलो.

तू लिहिलंस, "काका, नेरूळहून निघते, ठाण्यात पोचते, आणि मधला रस्ता कसा होता ते आठवतच नाही." या एका वाक्यामुळे मी तुझा प्रश्न मनावर घेतला. जुन्या पोर्शेंना आता भाव येतोय किंवा मित्रमंडळींत वेगळं दिसेल असं काही लिहिलं असतंस, तर "आहे ती ठेव" एवढंच कळवलं असतं. पण रस्ता आठवत नाही ही गाडी चालवणाऱ्या माणसाची तक्रार आहे. आणि तिचं कारण तुझ्या मनात नाही, यंत्रात आहे.

मी तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये चाकांचं अलाइनमेंट करतोय. काम झालं की प्रत्येक गाडी स्वतः एक फेरी मारून आणतो, कारण मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले तरी हाताला वेगळंच कळू शकतं. तुझी ७१८ मी दोनदा चालवलीय. स्टेअरिंग अचूक आहे, जितकं वळवावं तितकंच वळतं. तरी माजिवड्याच्या पुलाचे जोड लागले तेव्हा ते मला पाठीला कळले, तळहाताला फार थोडे.

का, ते सांगतो. ९८७ बॉक्स्टरमध्ये, म्हणजे तू बघतेयस त्या पिढीत, तेलाच्या दाबाचं पॉवर स्टेअरिंग आहे. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो. तू स्टेअरिंग वळवलंस की आतला बारीक टॉर्शन बार थोडा पिळला जातो, झडप उघडते आणि तेल रॅकच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या, योग्य बाजूला ढकललं जातं. तेल मदत करतं, पण तुझा हात आणि पुढची चाकं यांच्यातला लोखंडाचा संबंध तसाच राहतो. खडीवर टायर किंचित घसरला, पाण्याच्या थरावर पकड सैल झाली, रस्ता एका बाजूला कललेला असला, तर ते रॅकमधून उलट वर येतं. २०१२ साली पुढची पिढी, ९८१, आली आणि बॉक्स्टरला विजेवरचं स्टेअरिंग आलं. तुझ्या गाडीतही तेच. तिथेही रॅक आहेच, पण मदत करते ती मोटर, आणि किती करायची ते संगणक ठरवतो. चालकाला त्रास होऊ नये म्हणून रस्त्याचे बरेचसे धक्के तो मधेच गिळतो. त्यात तेल गळायची भीती नाही, पेट्रोल वाचतं, पार्किंगमध्ये हात दुखत नाहीत. म्हणून त्याला वाईट म्हणणार नाही. पण तुला जे हवंय ते नेमकं तिथेच गाळलं जातं.

दुसरी गोष्ट इंजिनची. तुझ्या दोन लिटर, चार सिलिंडर टर्बोला ३०० अश्वशक्ती आणि ३८० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, आहे, आणि तो मिनिटाला १,९५० फेऱ्यांनाच हजर होतो. २०१०च्या ज्या गाडीचे फोटो पाठवलेस तिच्यातल्या २.९ लिटर सहा सिलिंडरला २५५ अश्वशक्ती, २९० न्यूटन मीटर, आणि तोही ४,४००च्या पुढे. आकड्यांत बघितलं तर जुनी घेऊन तू तोट्यातच जाशील. पण टर्बोमध्ये पाय दाबल्यावर हवा येईपर्यंत एक क्षण जातो आणि मग सगळं एकदम येतं. विनाटर्बो इंजिनमध्ये पाय जितका, तितकंच इंजिन. आवाजही फेऱ्यांबरोबर चढत जातो. २०२०मध्ये कंपनीनेच जीटीएस ४.० काढून ७१८च्या जीटीएसला सहा सिलिंडर परत दिले, यावरून समज. तीही पर्याय म्हणून बघायला हरकत नव्हती, पण तिचं स्टेअरिंग विजेचंच, आणि किमतीत ती तुझ्या आवाक्याच्या बाहेर जाईल.

जुनी गाडी फुलासारखी हलकी असते असं तुला कुणी सांगितलं असेल तर विसर. ही ९८७ आणि तुझी ७१८, दोन्ही मॅन्युअल धरल्या तर वजनात नाव घेण्यासारखा फरक नाही. फरक गाळणीचा आहे.

आणि आपल्या रस्त्यांचा. पाम बीच रोडवर पहाटे सहाला तुझ्या गाडीचा खरा दम काढायचा म्हटलं तर दोन सिग्नलांच्या मध्येच कायदा मोडतो, आणि त्या रस्त्याने किती तरुण पोरं घेतली ते तू नेरूळची असून मी सांगायला नको. अटल सेतूवरही मर्यादा १००चीच. म्हणजे नव्या गाडीत पैसे मोजून घेतलेला मोठा भाग तू कधी उघडतच नाहीस. जुनीतही दुसरा गिअर पूर्ण ताणलास तर शंभरी ओलांडते, तेव्हा तीही काही लहान मूल नाही. पण पहिल्या गिअरमध्ये साठीच्या आसपास जाईपर्यंत ते इंजिन वरपर्यंत ऐकता येतं. आणि स्टेअरिंगमधून येणाऱ्या खबरीला तर वेग लागतच नाही. येऊरच्या चढावर तीस-चाळीसला ती मिळते. मला वाटतं या अदलाबदलीचं खरं समर्थन हेच: आपल्याकडे ज्या वेगाने चालवता येतं, त्या वेगाला जुनी गाडी जागी असते.

माझ्याकडची ९८ सालची झेन तू पाहिलीयस, पॉवर स्टेअरिंग नसलेली. मुलाने मला नवी ऑटोमॅटिक घेऊन दिली होती. दोन वर्षं चालवली आणि त्याला परत दिली. उपकार नाकारल्यासारखं वाटून तो काही दिवस बोलला नाही. मग एका रविवारी त्याला झेनमध्ये बसवलं, मुरबाडमार्गे माळशेज चढायला लावलं. धुक्यात, ओल्या वळणांवर. वर पोचल्यावर तो खांदे चोळत होता आणि हसत होता. त्यानंतर तो विषय निघाला नाही. म्हणून तुझी ओढ मला कळते. वेडेपणा म्हणणारे भेटतील, तुझ्या घरातच भेटतील. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना एकदा शेजारी बसव.

आता तू बघितलेल्या दोन ९८७ पैकी कुठली. २००७ची २.७ स्वस्त मिळतेय, पण ती घेऊ नकोस. त्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा मधला दांडा आहे आणि त्याच्या बेअरिंगचं दुखणं जगभर माहीत आहे. २००६च्या सुमारास बेअरिंग मोठं केल्यावर ते मोडण्याचं प्रमाण खूप कमी झालं हे खरं, पण ते बदलायचं झालं तर आख्खं इंजिन फोडावं लागतं. आपल्याकडे ते काम मनापासून आणि नीट करणारे हात मोजके. २००९पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. तेव्हा २०१०चीच बघ, आणि रंग, सीट, म्युझिक सिस्टिम यांवरून मन फिरवू नकोस. मॅन्युअल आहे हे तिचं भाग्य. आपल्याकडे तशा फार आल्या नाहीत.

विकणारा म्हणतोय, पाऊस संपू दे, दिवाळीला या. अजिबात थांबू नकोस, आत्ताच बघ. कापडी छपराची गाडी भर पावसात बघावी. छताच्या बिजागरीजवळ पाणी जायची भोकं असतात, ती पानांनी तुंबली की पाणी आत उतरतं आणि कार्पेटखाली साचतं, जिथून वायरिंग जातं. सीट पुढेमागे कर, कार्पेटखाली बोटं घाल, वास घे. कुबट वास आला आणि वर सुगंधी डबी लटकत असली तर तिथूनच परत फीर. इंजिन बाहेरून दिसणार नाही, ते सीटच्या मागे बंद असतं, म्हणून खालूनच पाहावं लागतं. त्यासाठी गाडी माझ्या पिटवर, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर, यायलाच हवी. विकणारा "इथेच बघा" म्हणाला, तर व्यवहार तिथेच संपला असं समज. ऑइल फिल्टर कापून आत लोखंडाचा चुरा आहे का ते मी बघेन. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून भिंतींवर ओरखडे आहेत का तेही. चाकांना धरून ठेवणारे बुश, टाय रॉड, लोअर आर्म माझ्यावर सोड.

टायरचं मात्र तू स्वतः शीक. बाजूला शेवटचे चार आकडे असतात: ३२१६ लिहिलं असेल तर २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. मधोमध इंजिन असलेली गाडी ओल्या वळणावर, अर्ध्यातच पाय काढलास तर, मागून फिरते. तिच्यात घसरण सावरणारी यंत्रणा आहे, पण दगडी टायरला कुठलीच यंत्रणा पकड देत नाही. सहा वर्षांवरचे टायर असले तर चारही बदलायचे. तो खर्च भाव करतानाच धर.

तसंच पेट्रोलचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. ही गाडी त्या काळाची नाही. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला खातं. पेट्रोलच्या नळ्या नव्या घालू, आणि टाकी भरून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवायची नाही.

पैशाबद्दल थोडं कडक लिहितो. ७१८ विकून येईल त्यातून ही घेतल्यावर बरेच पैसे उरतील. ते उरलेले नाहीत, ते गाडीचेच आहेत. वेगळ्या खात्यात टाक, हात लावू नकोस. मी चाळिशीत एक जुनी विलायती दोनदारी गाडी घेतली होती. होता नव्हता तो पैसा घेण्यातच घातला. पुढे क्लच आणि रॅकला पैसे नव्हते, म्हणून ती वर्तकनगरात ताडपत्रीखाली चौदा महिने उभी राहिली. उंदरांनी वायरिंग खाल्लं. शेवटी टेम्पोत घालून दिली. तिचं आजही वाईट वाटतं, कारण दोष तिच्यात नव्हता.

कागदपत्रांचं आटोपतं घेतो. २०१०ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षं उलटली. फिटनेस होऊन नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, हे आधी बघ. परदेशी बनावटीच्या चारचाकीला नूतनीकरणाचं शुल्क २०२२पासून ४०,००० रुपये आहे, आणि वीस वर्षं ओलांडली की २०२५च्या बदलानुसार ८०,०००. २०३०मध्ये तोही आकडा येणारच, हिशेबात धर. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत तू आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा एजंटने छापील आकडा पुढे केला की मुकाट्याने सही करू नकोस. कर्जाचा बोजा उतरलाय का ते आरसी बुकात बघ, तोंडी ऐकू नकोस.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. रोजच्या ये-जा साठी ही गाडी नाही. विटाव्याच्या कोंडीत तासभर क्लच दाबून एखाद महिन्यात तू तिचा राग करायला लागशील, आणि तो राग तिच्यावर अन्याय असेल. रोजला लोकल धर, नाहीतर एखादी छोटी सेकंडहँड घे. तुझी आई मागे ढकललेल्या नीट सीटवर बसून, फोन जोडून गाणी ऐकत दवाखान्यात जाते, तेही थांबेल. तिच्याशी आधी बोल. ९८७ रविवारी काढ, आठवड्यातून एकदा नक्की काढ, आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत ताणू नकोस.

आणि ७१८ आत्ता विकू नकोस. आधी जुनी दोन तास चालव, एकटी. पाम बीचवर नाही, तो फार गुळगुळीत आहे. घोडबंदरला गायमुखच्या चढावर ने, मग येऊरला. परत आल्यावर मला फोन करू नकोस. घरी जा, जेव, आणि झोपायच्या आधी कागदावर रस्ता लिहून काढ: कुठे खड्डा होता, कुठे डांबर बदललं, कुठे गाडी हलकी झाली. पान भरलं तर तो कागद घेऊन ये. दोन ओळींवर अडलीस तरी घेऊन ये, मग ७१८चं अलाइनमेंट आणि टायरचा दाब तुझ्या हाताप्रमाणे बसवून देतो. त्यानेही थोडं काही परत मिळतं.

विकणाऱ्याला शनिवारी सकाळी आठची वेळ दे, तेव्हा माझा पिट रिकामा असतो. पाऊस असला तर उत्तमच. पातळ तळव्याचे बूट घालून ये, जाड तळव्यांतून क्लच कुठे पकडतो ते कळत नाही. आणि टॉर्च आण, माझ्या टॉर्चचा सेल उतरलाय.

तुझा,
काका