येशूची शिकवण आणि येशूविषयीची शिकवण

शरणपूर रोडवरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'स्मरणिकेसाठी लेख लिहितोय. त्यात "येशूची शिकवण" आणि "ख्रिस्ती सिद्धान्त" हे शब्द आलटूनपालटून वापरले तर चालतील का?'

नकोत. घोळ मुळात 'ची' या प्रत्ययाचा आहे. 'आईची शिकवण' म्हणजे आईने दिलेली. पण 'आईची आठवण' म्हणजे आपल्याला आलेली, आईविषयीची. षष्ठी अशी दोन्हीकडे ओढते. मार्काचं शुभवर्तमान (बायबलमध्ये येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) 'येशू ख्रिस्ताची सुवार्ता' असं म्हणत उघडतं, आणि त्याच अध्यायात चौदाव्या वचनात येशू गालीलात येऊन 'देवाची सुवार्ता' सांगू लागतो. एकीकडे येशू हा विषय, दुसरीकडे तोच सांगणारा.

आता प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती लोक आपली श्रद्धा जाहीर करताना म्हणतात ते जुनं श्रद्धावचन, मोठ्याने वाचून पाहा. कुमारी मरियेपासून जन्म, की लगेच पंतय पिलाताच्या वेळचं दुःखसहन, वधस्तंभ, मरण, पुनरुत्थान. डोंगरावरचं प्रवचन नाही, उधळ्या पुत्राचा दाखला नाही, 'शत्रूंवर प्रीती करा' नाही. विसरले म्हणून नव्हे. त्याची घडण बाप्तिस्म्याच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नोत्तरांतून झाली. तिथे येशू काय म्हणाला यापेक्षा तो कोण, हे वदवून घ्यायचं असे. 325 साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत तर, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, हे अरियस या धर्मगुरूचं म्हणणं खोडण्यासाठी पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे असं ठरलं. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द बायबलमध्ये कुठेही नाही, आणि तेव्हाही काही बिशपांना तो खटकला होता.

म्हणून 'हे सगळं चर्चने मागाहून चिकटवलं' असंही लिहून मोकळे होऊ नका. तुम्ही मला कोण म्हणता, हा प्रश्न मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू स्वतःच शिष्यांना विचारतो. 'तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र' असं पेत्र हा शिष्य उत्तर देतो, आणि त्यापाठोपाठ येशूचं 'मंडळी रचीन' हे वाक्य येतं. 'मंडळी'साठीचा मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया चारही शुभवर्तमानांत फक्त मत्तयाकडे आहे. चर्चचं म्हणणं असं की आम्ही पेत्राचंच उत्तर उलगडून सांगतो. ते किती उलगडायचं आणि कोणाच्या अधिकाराने, यावर मतभेद आहेत: कॅथलिक लोक चर्चच्या परंपरेचाही आधार घेतात, प्रोटेस्टंट शास्त्रलेखावर, म्हणजे बायबलवर, बोट ठेवतात.

'सिद्धान्त' हा शब्द मला इथे जरा जड वाटतो. पायथागोरसचा सिद्धान्त फळ्यावर सिद्ध करता येतो, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाही. 'मत' जुनं आणि नेमकं आहे, शांकरमत किंवा मध्वमत म्हणतो त्या अर्थाने. पण आज मत म्हटलं की मतदान केंद्राबाहेरची रांग आठवते, त्याला इलाज नाही. स्मरणिकेत 'धर्ममत' लिहा, आणि जिथे प्रत्यक्ष श्रद्धावचन अभिप्रेत असेल तिथे 'मतांगीकार'.

एक क्रियापद मात्र हातचं जाऊ देऊ नका: मानणे. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला येणारे सगळेच ख्रिस्ती नसतात. मेणबत्ती लावतात, नवस फेडतात आणि सांगतात, 'आम्ही बाळ येशूला मानतो.' 'येशूचं मानतो' म्हटलं तर त्याचं ऐकतो. 'येशूवर विश्वास ठेवतो' म्हटलं की मतांगीकाराच्या उंबऱ्यात पाय पडला. तिन्ही वाक्यं तीन माणसांची असू शकतात. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे यजमान, रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांनी 1917 साली 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. या तिन्ही वाक्यांच्या माणसांना एका सतरंजीवर बसवण्याचा तो प्रयत्न होता, असं मला वाटतं.

राहिला 'चर्च'. इमारत असेल तर चर्च किंवा देऊळ. श्रद्धावंतांचा समुदाय असेल तर प्रोटेस्टंट वाचकांसाठी 'मंडळी', कॅथलिकांसाठी 'ख्रिस्तसभा'. स्मरणिका दोघांच्या हाती जाणार असेल, तर पहिल्यांदा दोन्ही शब्द द्या आणि पुढे एकच चालवा.