सरावात दहा, स्पर्धेत आठ : दोष मनाचाच असतो का?

नेमबाजांच्या समुपदेशनात एक तक्रार वारंवार येते : सरावात उत्तम गुण पडतात, स्पर्धेत मात्र छाती धडधडते, रायफल हलते आणि गुण घसरतात, म्हणजे आपण मनाने कमकुवत आहोत का? दहा मीटर एअर रायफल खेळणारी सतरा वर्षांची एक मुलगी हाच प्रश्न घेऊन आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत), आणि त्याचे उत्तर 'हो' असल्याचे तिने आधीच ठरवून टाकले होते.

मी तिला भीतीविषयी न विचारता एका गोळीविषयी विचारले : रायफल खांद्याला लावल्यापासून छर्रा सुटेपर्यंत नेमके काय घडते? तिने सांगितले, "मॅडम, काळा गोल साइटच्या बरोबर मधे आला की मी पटकन दाबते, नाहीतर तो निघून जातो." माझ्या मते तिची खरी अडचण या 'पटकन'मध्ये होती. उभ्या स्थितीत कोणाचीही रायफल पूर्ण स्थिर राहत नाही. श्वास, हृदयाचे ठोके आणि शरीराचा तोल यांमुळे ती सतत थोडी हलतच असते. या प्रकारात दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा असला, तरी छर्रा 4.5 मिलिमीटरचा असल्यामुळे त्याचा मध्य सुमारे अडीच मिलिमीटर सरकला तरी 10.0 मिळतात. हलक्या डोलण्याला तेवढी जागा असते. मात्र ट्रिगर हिसकला की नळी त्या मर्यादेबाहेर जाते, आणि दोष धडधडीच्या माथी मारला जातो.

दुसरी गोष्ट तिच्या प्रशिक्षकांसमवेत तपासली. नेम धरून डोळे मिटायचे, एकदोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे, एवढीच ती चाचणी. डोळे उघडल्यावर रायफल दर वेळी लक्ष्याच्या उजवीकडे गेलेली दिसे, म्हणजे ती हाताच्या ताकदीने रायफल ओढून लक्ष्यावर आणत होती. अशा वेळी हात नव्हे, पावले सरकवावी लागतात. सरावात स्नायूंची ही ओढाताण खपून जात असे, परंतु स्पर्धेत साठ गोळ्यांच्या उत्तरार्धात थकलेले स्नायू थरथरू लागत, आणि तिला वाटे की आपण घाबरलो. शिवाय दहाची वाट पाहत ती फार वेळ श्वास रोखून धरी. आठदहा सेकंद उलटल्यावर पकड आणि नजर दोन्ही ढिली पडतात. मग रायफल खाली घेऊन नव्याने सुरुवात करणे हेच शहाणपणाचे असते. पंच्याहत्तर मिनिटांत साठ गोळ्या, म्हणजे प्रत्येकीला सरासरी सव्वा मिनिट मिळते, हे तिला ठाऊक होते. पण रायफल खाली घेणे म्हणजे हार, असे तिच्या मनाने घेतले होते. आमचे सर्वाधिक बोलणे याच समजुतीवर झाले.

तिच्या वडिलांनी, थोडे संकोचूनच, हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधाच्या गोळीविषयी विचारले. ही बीटा-ब्लॉकर गटातील औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही निषिद्ध ठरवली आहेत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. एरवीही, खेळाबाहेर, धडधड होत असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे जायला हवे. तिच्या बाबतीत तसे काही नव्हते.

मानसिक तयारीचा भाग त्यानंतर आला आणि तो छोटाच होता. प्रत्येक गोळीचा एकच ठरलेला क्रम, ट्रिगरवर हळूहळू वाढणारा दाब आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर नेम न सोडणे, एवढे तिने रोज केले. काही दिवस तर समोर कोरा कागद लावून, म्हणजे गुणांकडे लक्षच जाणार नाही. स्पर्धेत तिची छाती अजूनही धडधडते, विशेषतः पहिल्या मालिकेत (दहा गोळ्यांची एक मालिका). मात्र आता ती गरज पडली की रायफल खाली घेते, आणि तिच्या शेवटच्या मालिका पहिल्यांपेक्षा फारशा मागे राहत नाहीत.