दोन सालांची वही

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. युद्धानंतरच्या जर्मनीचा इतिहास आधी पुस्तकांतून 'पक्का' करायचा आणि मग कथा-सिनेमे 'उदाहरणादाखल' बघायचे, असा बेत आखला आहेस. मला तो पटला नाही. सनावळ्या पाठ झाल्या की माणूस सिनेमातही त्याच शोधत बसतो.

सुरुवात जर्मन लेखक वोल्फगांग बोर्शर्टच्या 'दास ब्रोट' ('पाव')पासून कर. जेमतेम दोन पानांची कथा, 1946 साली लिहिलेली. मूळ जर्मनच वाच, तुला झेपेल. म्हातारीला जाग येते तेव्हा 'हाल्ब द्राय', शब्दशः 'अर्धे तीन', झालेले असतात. इथे इंग्रजीच्या सवयीनं साडेतीन म्हणू नकोस. हे अडीच आहेत. आपलं अडीचही 'अर्धतृतीय'वरूनच आलंय! नवऱ्यानं स्वयंपाकघरात चोरून पाव कापून खाल्लाय. तो खोटं बोलतो, तिला ते कळतं, आणि ती काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्यापुढे तीनऐवजी चार तुकडे सरकवते. म्हणते, मला हा पाव नीट सोसत नाही. संसार 39 वर्षांचा. युद्धाचा कुठे उल्लेखही नाही. त्या काळातली भूक किती होती हे कळायला रेशनचे आकडे जरूर बघ, पण कथेनंतर.

आता वहीचं. प्रत्येक कलाकृतीपुढे दोन सालं लिहायची: ती कोणत्या काळाबद्दल आहे आणि ती कधी केली गेली. माझी सगळी शिकवणी एवढीच आहे, बाकी गप्पा.

दिग्दर्शक स्टाउडटेच्या 'डी म्योर्डर झिंट उंटर उन्स' ('खुनी आपल्यातच आहेत') या सिनेमामध्ये ही दोन सालं जवळजवळ एकच आहेत. 1946 चा हा सिनेमा बर्लिनच्या खऱ्याखुऱ्या ढिगाऱ्यांत चित्रित झालाय. युद्धात निरपराधांना गोळ्या घालायला लावणारा कॅप्टन आता कारखानदार झालाय आणि लष्करी शिरस्त्राणांची भांडी करून विकतोय. मूळ संहितेत नायक त्याला ठार मारतो. सोव्हिएत अधिकाऱ्यांना ते नको होतं, म्हणून शेवट बदलला. एवढं सगळे सांगतात. तू नायिकेकडे बघ. ती छळछावणीतून परतलीय, पण कॅमेरा सगळा वेळ सैन्यातून आलेल्या डॉक्टर नायकाच्या मनस्तापावर. कोणाचं दुःख दाखवायचं हे तेव्हाच ठरून गेलं होतं. आणि हो, स्टाउडटेनं स्वतः 1940 च्या 'यूड झ्यूस' या ज्यूद्वेष्ट्या सिनेमात छोटी भूमिका केली होती. हे कळल्यावर सिनेमा फेकून देऊ नकोस, पुन्हा बघ.

पूर्व जर्मनी टाळू नकोस, सगळेच टाळतात. फ्रांक बायरचा 'श्पूर डेर श्टाइनं' ('दगडांचा माग') हा तिथला सिनेमा 1966 साली लागला आणि काही दिवसांतच उतरवला गेला. पुन्हा पडद्यावर यायला 1989 उजाडलं. त्याच्यापुढे मी वहीत तिसरं सालही लिहितो. 'दास लेबन डेर आन्डेरन' ('इतरांचं आयुष्य') तुला आवडतो हे ठाऊक आहे. सिनेमा बांधीव आहे, पण 1984 ची गोष्ट 2006 साली सांगितलेली आहे, आणि सांगणारा पश्चिमेत जन्मलेला. स्टाझीची, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, ओळख तेवढ्यावर भागवू नकोस.

सगळ्यात जास्त वेळ दिग्दर्शक फासबिंडरच्या 'डी एहे डेर मारिया ब्राउन' ('मारिया ब्राउनचं लग्न')ला दे. गोष्ट युद्धकाळापासून 1954 पर्यंतची, सिनेमा 1979 चा. एकदा नेहमीसारखा बघ. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐक. रेडिओवर पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सेलर आडेनाउअर आधी सैन्य नको म्हणतात, नंतर सैन्य उभारायचं म्हणतात, आणि घरातली माणसं आपली जेवतायत. शेवटी बर्नचा फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असतो. समालोचक जर्मनी जिंकल्याचं ओरडतोय आणि इकडे मारियाच्या घरात गॅसचा स्फोट झालेला.

सिनेमाच्या सुरुवातीला हिटलरची तसबीर आहे. शेवटी पश्चिम जर्मनीच्या चान्सेलरांचे (सरकारप्रमुखांचे) चेहरे येतात, निगेटिव्हमध्ये. त्यांत एक जण नाही. कोण नाही आणि फासबिंडरनं त्याला का वगळलं असेल, ते शोधून पुढच्या पत्रात लिही. इंटरनेटवर बघायच्या आधी.

तुझे,
सर