संगीताची डिग्री करताना सतत ताण येणं नॉर्मल आहे का? घरचे म्हणतात, ‘वाजवायचंच तर असतं, त्यात कसलं टेन्शन!’

तू लिहिलंयस की दुसरं वर्ष आहे, व्हायोलिन आहे, दिवसाला ६-७ तास वाजवूनही मागे पडल्यासारखं वाटतं, झोप लागत नाही, आणि वर्गातली पोरं परीक्षेआधी कसलीशी गोळी घेतात ती घ्यावी का. तू लहान असणार म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नको. मीही व्हायोलिनच केलं, डिग्री पूर्ण झाली, पण तिसऱ्या वर्षी तीन महिने व्हायोलिनची पेटी उघडली नव्हती.

"वाजवायचंच तर असतं" हे मीही भरपूर ऐकलंय. गोची अशी आहे की आपलं निम्मं काम टाइमटेबलवर दिसतच नाही. ऑर्केस्ट्राला क्रेडिट एक, पण आठवड्याला दोन तालमी, शिवाय आपला पार्ट आपण बसवून यायचा, कार्यक्रम जवळ आला की जादा तालमी. थिअरी, इतिहास, इअर ट्रेनिंगच्या असाइनमेंट असतातच, आणि रोजचा रियाज तर कुठल्याच तक्त्यात नाही, तो ‘उरलेल्या वेळात’ करायचा, आणि उरलेला वेळ म्हणजे रात्र, कारण दिवसा प्रॅक्टिस रूम रिकामी मिळेल तर शपथ. बरं, दुसऱ्या कोणाचा पेपर वाईट गेला की तो म्हणतो अभ्यास झाला नव्हता, आपलं वाईट वाजलं की वाटतं आपल्यातच काही नाही. त्यात भिंतीपलीकडे कोणीतरी तोच पीस आपल्यापेक्षा फास्ट वाजवत असतं.

मग मी काय केलं, तर तास वाढवले. सर म्हणायचे आम्ही तर आठ-आठ तास वाजवायचो, मग काय बोलणार. एकदा सहज रात्रीचा रियाज फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकला. पहिली पंचवीस-तीस मिनिटं ठीक. नंतर तेच आठ बार, म्हणजे तालाचे आठ छोटे तुकडे, तिसऱ्या बारमधल्या शिफ्टला, म्हणजे डावा हात तारेवर वर-खाली सरकवताना, सूर दरवेळी किंचित खाली, मी न थांबता पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच खाली. मोजलं तर ४१ वेळा! म्हणजे मी चूक काढत नव्हते, चूक पाठ करत होते, तीही घाबरून, कारण व्हायोलिन खाली ठेवलं की अपराधी वाटायचं.

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास नंतर वाचला. ते ‘दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो’ असं जे सगळीकडे ऐकवतात ना, त्याचं मूळ तिथेच आहे. लोक तो आकडा उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. त्यातले सगळ्यात चांगले विद्यार्थी एकट्याने सरासरी रोज साडेतीन तासच वाजवत होते, तेही तुकड्यातुकड्यांनी, आणि मागे असलेल्यांपेक्षा जास्त झोपत होते, दुपारची डुलकीसुद्धा काढायचे. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर डावं मनगट वाचलं असतं. आधी फक्त वाजवताना दुखायचं, मग बाटलीचं झाकण उघडताना पण, आणि मग ते तीन महिने.

म्हणून एक कर, आठवडाभर खरे तास लिही, तालमी, जाण्यायेण्याचा वेळ, सगळं. तो कागद घेऊन तुझ्या टीचरकडे जा आणि विचार की यातलं काय कमी करू. "मला ताण येतोय" म्हटलं की समजूत घालतात, कागद पुढे ठेवला की मोजावं लागतं. माझ्या प्रोग्रॅममधून एक अख्खा पीस असाच कमी झाला. आणि मनगट दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर परीक्षा होऊन जाऊ दे म्हणत बसू नको, लगेच दाखव.

गोळीचं म्हणशील तर ती बहुतेक प्रोप्रानोलोल असणार. ते हृदयाचं आणि बीपीचं औषध आहे, धडधड आणि हाताची थरथर कमी होते हे खरं, पण दमा असणाऱ्याला ते धोक्याचं ठरू शकतं, त्यामुळे मित्राच्या पाकिटातली तर अजिबात नाही, डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी. मी नाही घेतली. माझा बो (व्हायोलिनचा गज) थरथरायचाच, पहिल्या लांब सुरावर तर हमखास, शेवटी मी लांब सुराने सुरू होणारा पीस पहिला ठेवणंच बंद केलं.