अजान झाली की मोबाइल टोपलीत

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. नमाज घाईघाईत उरकून पुन्हा गेमला बसतो. ‘नमाज नाही तर मोबाइल नाही’ अशी अट घालू का? (एक आई, चिपळूण)

नको ताई. मग नमाज मोबाइलचं भाडं होऊन बसेल. सातव्या वर्षी मुलांना नमाजला लावा, ही हदीस (पैगंबरांचं वचन) आपण सगळेच सांगतो. पण नातू पाठीवर चढला म्हणून पैगंबरांनी (स.) सजदा, म्हणजे नमाजात कपाळ जमिनीला टेकणं, लांबवला, ते सांगायचं राहून जातं. त्याला हेच आधी सांगा. मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) दहा मिनिटं आधी आठवण द्या, म्हणजे तो नवा डाव सुरू करणार नाही. अजान झाली की घरातले सगळे मोबाइल टोपलीत, तुमचाही. अब्बा घरी असतील तर इकामत (नमाज सुरू होताना देतात ती हाक) त्याला म्हणू द्या. आपल्यावाचून जमात (एकत्र नमाज) उभी राहत नाही असं वाटलं की पोराची घाई कमी होते, हे मी पाहिलंय.

प्रश्न : मी कुवेतला, लेक रत्नागिरीत. कुरआन अ‍ॅपवरून शिकली तर चालेल? (एक वडील)

उजळणीला चालेल, शिकायला उस्तानीच (शिकवणारी बाईच) हवी. ‘अल्हम्दु’तला ह आणि ‘इहदिना’तला ह मराठी कानाला एकच, अरबीत ती दोन वेगळी अक्षरं. मुलीचा घसा कुठे चुकतो, ते समोर बसलेल्या बाईंना लगेच कळतं. तुमचं काम निराळं. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का’च्या पुढे जा. कुरआनातली सूरह (अध्याय) अस्र तीनच आयतींची (वचनांची) आहे. एकदा तिची ऐका, एकदा तुमची तिला ऐकवा.

प्रश्न : ‘दहा जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल’ असे दीनी (धार्मिक) मेसेज मुलगी पुढे ढकलते.

थांबवा. बातमी आली की आधी खातरजमा करा, असं सूरह हुजुरातची सहावी आयत सांगते. तिला ते मेसेज घरातल्याच कुणाकडून येतात का, तेही बघा.

प्रश्न : चौदा वर्षांचा मुलगा रात्री दार लावून मोबाइल बघतो. लॉक टाकला, त्यानं तो काढला. (एक वडील, मिरज)

रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, तुमचाही. पण पहारा जन्मभर पुरणार नाही. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला सांगतो : मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात दडली असली तरी अल्लाह ती समोर आणेल. हे तो दरडावून सांगत नाही. ‘या बुनय्या’, माझ्या बाळा, अशी हाक मारून सांगतो. तुम्ही त्याला अशी हाक शेवटची कधी मारली होती? आज इशानंतर (रात्रीच्या नमाजानंतर) मशिदीतून परत येताना मारून बघा. त्यानं काय पाहिलं, ते लगेच विचारू नका.