वाचकांचे प्रश्न: माल्टाचा नॅशनॅलिस्ट पक्ष नेमके काय जपू पाहतो?

प्रश्न (म्हापसा येथील एक वाचिका): माझा मुलगा माल्टात एका हॉटेलात नोकरीला आहे. तेथील नॅशनॅलिस्ट पक्ष जुन्या वळणाचा, चर्चला मानणारा आहे, असे तो सांगतो. मात्र याच पक्षाने देशाला युरोपीय संघात नेले, असेही तो म्हणतो. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? पक्षाची सुरुवात कशी झाली?

उत्तर: हा मेळ समजण्यासाठी १८८० पर्यंत मागे जावे लागते. माल्टा हा ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या साष्टी तालुक्याहून थोडासाच मोठा द्वीपदेश. १५३० पासून १७९८ पर्यंत तेथे सेंट जॉनच्या सरदारांचे, म्हणजे एका कॅथलिक लढवय्या धर्मसंघाचे, राज्य होते, आणि त्यांच्या प्रमुखांमध्ये मानुएल द व्हिल्येना, पिंतो द फोन्सेका असे पोर्तुगीजही होऊन गेले, ही गोष्ट गोमंतकीय वाचकाला आवर्जून सांगाविशी वाटते. १८०० नंतर हे बेट ब्रिटिशांच्या ताब्यात आले आणि त्यांच्या आरमाराचा भूमध्य समुद्रातील मोठा तळ बनले. न्यायालये, विद्यापीठ आणि सुशिक्षितांचा व्यवहार मात्र इटालियन भाषेतच चालत राहिला. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी शिक्षणात इटालियनऐवजी इंग्रजीला स्थान द्यावे आणि करांची फेररचना करावी, अशा शिफारशी केल्या. त्यांना विरोध करण्यासाठी फोर्तुनातो मित्सी या वकिलाने १८८० मध्ये जो पक्ष उभा केला, तो ‘सुधारणाविरोधी पक्ष’ म्हणून ओळखला गेला. आजच्या नॅशनॅलिस्ट पक्षाचे मूळ हेच.

हा विरोध केवळ भाषेपुरता नव्हता. आमच्या देशाविषयीचे निर्णय आम्हाला न विचारता लंडनमध्ये का व्हावेत, हा त्यामागचा खरा प्रश्न होता आणि तो पूर्णपणे रास्त होता. परंतु सामान्य शेतकरी, कोळी आणि गोदी कामगार घरात इटालियन बोलत नव्हते. ते माल्टीज बोलत. अरबीपासून निघालेली आणि पुढे रोमन लिपीत स्थिरावलेली ही भाषा आहे. पक्षाच्या पुढाऱ्यांना मात्र ती राज्यकारभाराची किंवा ज्ञानाची भाषा होऊ शकेल, असे दीर्घकाळ वाटले नाही. ब्रिटिशांनी ही फट अचूक हेरली. इटालियनला शह देण्यासाठी त्यांनी माल्टीजला बळ दिले आणि १९३४ मध्ये इंग्रजीबरोबर तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. स्वराज्याचा आग्रह धरणारा पक्ष लोकभाषेच्या प्रश्नावर परक्या सत्तेच्याही मागे राहिला. हा त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणी की मराठी, या राजभाषेच्या प्रश्नावर गोव्याने काय सोसले, हे ज्यांनी १९८७ च्या आधी पाहिले, त्यांना त्या बेटावरील कटुता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

७ जून १९१९ रोजी राजधानी वॅलेटा येथे महागाईने संतापलेल्या जमावावर ब्रिटिश सैन्याने गोळीबार केला आणि त्यात चार जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९२१ मध्ये मर्यादित स्वराज्य मिळाले. १९२६ मध्ये फोर्तुनातो यांचे पुत्र एन्रिको मित्सी यांचा गट आणि एक समविचारी गट एकत्र येऊन पक्षाला आजचे नाव मिळाले. १९३२ मध्ये तो सत्तेवर आला, पण शाळांतील इटालियनच्या शिक्षणावरून ब्रिटिशांशी संघर्ष झाला आणि पुढच्याच वर्षी सरकार बडतर्फ झाले. जून १९४० मध्ये मुसोलिनीची विमाने माल्टावर बॉम्ब टाकू लागली, तेव्हा इटालियन संस्कृतीचा पुरस्कार करणाऱ्यांची जी अवस्था झाली असेल, तिची कल्पना सहज करता येते. १९४२ मध्ये एन्रिको मित्सींसह चाळीसहून अधिक जणांना खटला न चालवता युगांडात हद्दपार करण्यात आले. माजी पंतप्रधान ऊगो मिफ्सूद या हद्दपारीविरुद्ध कौन्सिलमध्ये भाषण करतानाच कोसळले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

१९४७ च्या निवडणुकीत पक्षाला ४० पैकी अवघ्या ७ जागा मिळाल्या. तेथेच त्याचा शेवट झाला असता, तर कोणाला नवल वाटले नसते. पण पक्षाने इटालियनचा हट्ट मागे ठेवला आणि स्वराज्याचा आग्रह तेवढा पुढे नेला. १९५० मध्ये एन्रिको मित्सी पंतप्रधान झाले, परंतु तीनच महिन्यांत त्यांचे निधन झाले. त्यांची धुरा जॉर्ज बोर्ग ओलिव्हिए यांनी उचलली. त्यांच्याच कारकिर्दीत २१ सप्टेंबर १९६४ रोजी माल्टा स्वतंत्र झाला. विशेष म्हणजे समाजवादी मजूर पक्षाचे डॉम मिंटॉफ १९५६ मध्ये माल्टाचे ब्रिटनमध्ये विलीनीकरण व्हावे, या मताचे होते. विलीनीकरणाला नकार देऊन वेगळेपण राखण्याची भूमिका तेथे परंपरावाद्यांनी घेतली. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, यावरील १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या आठवणी ज्या घरांत आजही निघतात, त्यांना हे वाचताना काही ओळखीचे वाटेल. मात्र दोन्ही ठिकाणचे पक्ष आणि प्रश्न वेगळे होते, हे विसरता कामा नये.

युरोपचे कोडेही येथेच सुटते. इटालियनच्या आग्रहामागे ‘आपण भूमध्य समुद्राच्या काठावरील कॅथलिक युरोपाचे आहोत’ ही भावना होती. भाषा सुटली, भावना राहिली. १९९० मध्ये नॅशनॅलिस्ट सरकारने युरोपीय समुदायाकडे सदस्यत्वाचा अर्ज केला, १९९६ मध्ये आलेल्या मजूर सरकारने तो गोठवला आणि १९९८ मध्ये सत्तेवर परतलेल्या नॅशनॅलिस्टांनी तो पुन्हा सुरू केला. ८ मार्च २००३ च्या सार्वमतात सुमारे ५४ टक्के मतदारांनी होकार दिला, आणि १ मे २००४ रोजी माल्टा युरोपीय संघाचा सदस्य झाला. आपल्या मुलाला जी विसंगती वाटते, ती पक्षाच्या दृष्टीने घरी परतण्याची वाट होती.

प्रश्न (मडगाव येथील एक निवृत्त शिक्षक): हा चर्चचा पक्ष आहे, असे म्हणणे योग्य होईल काय?

उत्तर: तो चर्चने काढलेला पक्ष नाही, पण चर्चच्या आशीर्वादाचा लाभ त्याला वारंवार झाला. ‘धर्म आणि मायभूमी’ हे त्याचे जुने घोषवाक्य. १९३० मध्ये माल्टा व त्याचेच धाकटे बेट गोझो येथील बिशपांनी ब्रिटिशांकडे झुकलेले पुढारी जेराल्ड स्ट्रिकलंड यांच्या पक्षाला मत देणे हे पाप ठरवणारे पत्रक काढले आणि त्याचा फायदा नॅशनॅलिस्टांना मिळाला. १९६१ मध्ये मिंटॉफ यांच्याशी चर्चचा संघर्ष झाला, तेव्हा मजूर पक्षाच्या कार्यकारिणीवर बहिष्कार पडला आणि त्या पक्षाचे वृत्तपत्र वाचणे हे महापाप ठरले. त्या काळात मरण पावलेल्या काही पुढाऱ्यांना पवित्र दफनभूमीत जागाही मिळाली नाही. १९६९ मध्ये समेट झाला, परंतु ज्या घरांनी हा अपमान सोसला, ती घरे तो विसरली नाहीत. १९६२ च्या निवडणुकीतील विजय या वातावरणात मिळालेला होता, हे नॅशनॅलिस्ट पक्षाने मोकळेपणाने मान्य करायला हवे. चर्चचे तत्कालीन प्रमुख आर्चबिशप मिकिएल गोन्झी हे तरुणपणी स्वतः मजूर पक्षाचे सिनेटर होते, ही बाब फारशी सांगितली जात नाही. पुढे २००४ ते २०१३ या काळात नॅशनॅलिस्ट पंतप्रधान राहिलेले लॉरेन्स गोन्झी हे त्यांच्याच कुटुंबातील.

धर्माच्या बाजूने झालेले पक्षाचे अधिक विधायक काम शिक्षणक्षेत्रात दिसते. ऐंशीच्या दशकात मजूर सरकारने चर्चच्या शाळांनी एक तर मोफत शिक्षण द्यावे, नाही तर शाळा बंद कराव्यात, असा पवित्रा घेतला होता. १९९१ मध्ये नॅशनॅलिस्ट सरकारने चर्चशी करार केला. शिक्षकांचे वेतन सरकारने द्यावे आणि शाळांनी शुल्क घेऊ नये, असा तो मार्ग होता. शाळेचे वळण टिकले आणि गरिबाच्या मुलालाही दार उघडले. परंपरा जपण्याची ही रीत मला बहिष्काराच्या रीतीहून कितीतरी थोर वाटते.

प्रश्न (पणजी येथील कायद्याचा एक विद्यार्थी): माल्टात एकदा जास्त मते मिळालेला पक्ष विरोधात बसला, हे खरे आहे काय? असे कसे घडले?

उत्तर: होय, आणि या पक्षाविषयी एकच प्रकरण वाचायचे झाल्यास हे वाचावे. डिसेंबर १९८१ च्या निवडणुकीत नॅशनॅलिस्टांना ५०.९ टक्के, तर मजूर पक्षाला ४९.१ टक्के मते मिळाली. तरीही ६५ जागांपैकी नॅशनॅलिस्टांच्या वाट्याला ३१ आणि मजूर पक्षाच्या वाट्याला ३४ जागा आल्या. माल्टात आपल्यासारखी एका मतदारसंघातून एक आमदार अशी पद्धत नाही. देशाचे १३ मतदारसंघ असतात, प्रत्येकातून पाच सदस्य निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. ही पद्धत एरवी न्याय्य आहे. पण मतदारसंघांच्या सीमा अशा आखल्या गेल्या की एकूण मतांचे आधिक्य जागांत उतरले नाही.

त्या वेळी पक्षाचे नेतृत्व एडी फेनेक आदामी यांच्याकडे होते. १५ ऑक्टोबर १९७९ रोजी जमावाने देशातील प्रमुख इंग्रजी वृत्तपत्राची इमारत जाळली होती आणि त्याच दिवशी आदामी यांच्या घरात घुसून त्यांच्या पत्नीलाही मारहाण केली होती. देश दोन तटांत विभागलेला, गावोगावच्या फेस्तांचे बँड आणि क्लबसुद्धा पक्षांच्या रंगांत वाटले गेलेले, अशा स्थितीत सूडाची भाषा बोलणे सोपे होते. आदामी यांनी संसदेवर १९८३ पर्यंत बहिष्कार टाकला, प्रचंड सभा घेतल्या, सरकारी दूरचित्रवाणीवर जाहिराती देऊ नयेत असे आवाहन केले. पण अनुयायांना शस्त्र उचलू दिले नाही. डिसेंबर १९८६ मध्ये पक्षाच्या गुड्या येथील क्लबवर गोळीबार होऊन एका तरुण कार्यकर्त्याचा बळी गेला, तेव्हाही त्यांनी हा संयम सोडला नाही.

अखेर जानेवारी १९८७ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. माल्टाच्या तटस्थतेला राज्यघटनेत स्थान मिळावे, ही मजूर पक्षाची मागणी मान्य झाली आणि बहुसंख्य मते मिळवणाऱ्या पक्षाला कमी पडणाऱ्या जागा वाढवून द्याव्यात, ही नॅशनॅलिस्टांची मागणीही. मे १९८७ च्या निवडणुकीत पुन्हा तेच घडले. नॅशनॅलिस्टांना ५०.९ टक्के मते आणि ३१ जागा! नव्या तरतुदीनुसार चार जागा वाढल्या आणि ३५ विरुद्ध ३४ अशा एका जागेच्या आधिक्याने सोळा वर्षांनंतर सत्तांतर झाले. पंतप्रधान झाल्यावर आदामी यांनी राष्ट्रीय समेटाचा मंत्र धरला. विरोधकांवर उगवलेला सूड पाहण्यास उत्सुक असलेले त्यांचेच काही समर्थक त्यामुळे नाराज झाले, तरी ते ढळले नाहीत. घटनेच्या चौकटीत राहून अन्याय दूर करण्याचा हा धीर मला या पक्षाच्या परंपरावादाचा उत्तम अर्थ वाटतो.

प्रश्न (कुंकळ्ळी येथील एक वाचक): पोर्तुगीज पासपोर्टवर माल्टात राहणाऱ्या गोमंतकीयाला तेथे मत देता येते काय?

उत्तर: संसदेच्या निवडणुकीत नाही; तो अधिकार माल्टाच्या नागरिकांचा आहे. तेथे नोंदणी केलेल्या युरोपीय संघाच्या नागरिकाला मात्र स्थानिक कौन्सिल आणि युरोपीय संसद यांसाठी मत देता येते. या स्थानिक कौन्सिलसुद्धा १९९३ मध्ये नॅशनॅलिस्ट सरकारनेच सुरू केल्या. जे काम गावाला जमते ते राजधानीने हाती घेऊ नये, हे ख्रिस्ती लोकशाहीवादी विचारातील तत्त्व त्यामागे होते. ग्रामपंचायतीचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या वाचकांना हे पटेल.

प्रश्न (फोंडा येथील एक वाचक): एवढी पुण्याई असलेला पक्ष आता सतत हरतो का? त्याच्याकडे पुढची दृष्टी आहे काय?

उत्तर: २००८ मध्ये तो सुमारे दीड हजार मतांनी जिंकला, २०१३ मध्ये ३५ हजारांहून अधिक मतांनी हरला. पाच लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या देशात हा फरक फार मोठा आहे. दीर्घ सत्तेचा थकवा आणि अंतर्गत भांडणे ही कारणे आहेतच, पण मुळाशी घटस्फोटाचा प्रश्न होता. मे २०११ च्या सार्वमतात सुमारे ५३ टक्के लोकांनी घटस्फोटाच्या कायद्याला मान्यता दिली, आणि त्यानंतरही पंतप्रधान गोन्झी यांनी संसदेत विरोधी मत दिले. त्यांच्या सद्सद्विवेकाचा मी आदर करतो. पण ज्या पक्षाने १९८१ मध्ये ‘बहुमताचा कौल माना’ असा टाहो फोडला होता, त्याच्या नेत्याचे ते मत अनेकांना खटकले. २०१७ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा आला, तेव्हा पक्षाने उलट टोक गाठून पाठिंबा दिला आणि केवळ एका सदस्याने विरोध नोंदवला. जुने मतदार दुखावले, नवे फारसे आले नाहीत. गर्भपाताला असलेला पक्षाचा विरोध मात्र कायम आहे.

२०१७ मध्ये भ्रष्टाचार उघड करणाऱ्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालित्सिया यांची हत्या झाली आणि तिच्या धक्क्यातून पुढे मजूर पंतप्रधान जोसेफ मस्कत यांना पायउतार व्हावे लागले. तरीही २०२२ मध्ये नॅशनॅलिस्ट ३९ हजारांहून अधिक मतांनी मागे राहिले. अर्थव्यवस्था वाढत होती, रोजगार होता, आणि पर्याय म्हणून लोकांना काय मिळणार, हे पक्षाला नीट सांगता आले नाही.

दृष्टीचा धागा मला एका जागी स्पष्ट दिसतो. श्रीमंत परदेशीयांना पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजना मजूर सरकारने आणली, तेव्हा नॅशनॅलिस्टांनी तिला प्रथमपासून विरोध केला. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयानेही ती योजना युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवली. नागरिकत्व हे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, ते बाजारात मांडू नये, हा विचार मूळच्या ‘मायभूमी’च्या भावनेतून सरळ निघतो आणि तरुणालाही समजतो. तोच विचार बेसुमार बांधकामाला लावता येईल. गोव्याप्रमाणेच तेथेही शेते आणि जुनी घरे झपाट्याने नाहीशी होत आहेत, आणि जमीन राखणे याहून अधिक परंपरावादी कार्य दुसरे कोणते? अडचण एवढीच की बांधकाम व्यावसायिकांशी दोन्ही पक्षांची जवळीक जुनी आहे, आणि ती तोडल्याखेरीज या भूमिकेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पक्षाच्या सदस्यांनी गोझोचे तरुण अलेक्स बोर्ग यांना निसटत्या आधिक्याने नेतेपदी निवडले. जमिनीच्या प्रश्नावर ते कोणती बाजू घेतात, यावरून पक्षाची दिशा मी जोखीन.